आसणे फाट्याच्या तीस काचा

आमच्या हिवताप प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक फोटो टांगलेला आहे. मधोमध हंबीरराव भोपळे, डोक्याला फेटा, मिशीला पीळ, हातात प्रशस्तिपत्र. त्यावर लिहिलंय की या कर्मचाऱ्याने एकाच पंधरवड्यात तीस रुग्ण शोधून काढले आणि तीसच्या तीस बरे झाले. मागच्या रांगेत डावीकडून तिसरा, टाळी वाजवताना डोळे मिटलेला माणूस म्हणजे मी. शमशुद्दीन मुजावर, काचा तपासणारा. दोन वर्षांनी मी निवृत्त होईन आणि फोटो तिथेच राहील, म्हणून मला ठाऊक आहे ते लिहून ठेवतोय. ज्यांना भोपळ्याचं कौतुक ऐकायचं असेल त्यांच्यासाठी साहेबांचं भाषण फायलीत लावलेलं आहे.

हंबीरराव शिवाजी पेठेतला. तरुणपणी तालमीत जायचा असं तो सांगे, आणि ते खोटं नव्हतं. फक्त आखाड्यात न उतरता बाहेरच्या कट्ट्यावर बसून तो दुसऱ्यांच्या डावांतल्या चुका काढायचा. गंगावेशीत म्हशीची धार थेट पेल्यात घेऊन प्यायचा, ढेकर द्यायचा आणि छाती पुढे काढून चालायचा. देह असा की समोरच्याने आपोआप वाट सोडावी. पण सुई पाहिली की हा गडी पांढरा पडे. एकदा कार्यालयात सगळ्यांना कॉलऱ्याची लस टोचायची होती, तर हा दोन तास संडासात कडी लावून बसला. शेवटी कंपाउंडरला मिसळ खाऊ घालून त्याने टोचल्याची नोंद करून घेतली. असल्या माणसाला सरकारने लोकांची बोटं टोचण्याची नोकरी दिली होती.

नोकरी साधी होती. दर पंधरा दिवसांनी नेमलेल्या गावात जायचं, घरोघरी विचारायचं की ताप आलाय का कुणाला. आला असेल तर त्या माणसाचं बोट टोचून रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा, चार कडू गोळ्या द्यायच्या, दाराशेजारच्या भिंतीवर आखलेल्या चौकटीत तारीख घालायची आणि काचा कोल्हापूरला माझ्याकडे पाठवायच्या. हंबीररावाला राधानगरीच्या बाजूची आसणेवाडी मिळाली होती. एसटी फाट्यावर सोडायची, तिथून पुढे दीड कोस चढ. पावसाळ्यात चिखल गुडघाभर, जळवा वेगळ्याच. चालणाऱ्याला त्यात काही विशेष नव्हतं. गावातल्या बाया डोक्यावर भारा घेऊन तीच वाट रोज चालत होत्या.

त्र्याहत्तर साली आमच्याकडे मगदूम साहेब आले आणि सोबत उद्दिष्ट आलं. तोवर ताप असेल तेवढ्या काचा येत. महिन्याला चार आल्या तरी कुणी काही म्हणत नसे, आणि गावात ताप नाही ही चांगलीच गोष्ट मानली जाई. साहेबांना ते पटलं नाही. त्यांनी भिंतीवर मोठा आलेख लावला, त्यात प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नावासमोर रंगीत टाचण्या. महिन्याला साठ काचा, म्हणजे खेपेला तीस. साठ भरल्या तर हिरवी टाचणी, कमी पडल्या तर लाल. तीन लाल टाचण्या झाल्या की गोपनीय अहवालात शेरा. कुणीतरी भीत भीत विचारलं, "साहेब, गावात ताप नसला तर?" साहेब म्हणाले, "ताप नाही ही सबब मी ऐकून घेणार नाही." एवढा शिकलेला माणूस चारचौघांत हे वाक्य बोलला आणि आम्ही सगळ्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

बाकीचे कर्मचारी कुरकुरत का होईना, शाळेतल्या पोरांना रांगेत उभं करून बोटं टोचू लागले. हंबीररावाच्या टाचण्या पहिल्या महिन्यापासून हिरव्या. एकही लाल नाही. साहेब सभेत त्याला उभं करत आणि इतरांना म्हणत, "यांच्याकडून शिका." हाही लाजल्यासारखं करून खाली बघायचा.

त्याचं गुपित मला दुसऱ्याच महिन्यात कळलं. कळलं कसं, तर माझा धंदाच तो. रक्त रंगवून मायक्रोस्कोपखाली धरलं की माणसामाणसांत फरक दिसतो. आसणेवाडीच्या काचांवर पांढऱ्या पेशींतला लालसर दाण्यांचा एक प्रकार फार दिसायचा. पोटात जंत असले की तो वाढतो. एखाद्या काचेवर दिसला असता तर नवल नव्हतं. पण तीसच्या तीस काचांवर तेवढाच, तसाच. पुढच्या खेपेलाही तसाच. नावं वेगळी, वयं वेगळी, कुठे सहा वर्षांचं पोर, कुठे सत्तरीचा म्हातारा, आणि रक्त एकाच माणसाचं.

मी काय केलं? तेही सांगतो, नाहीतर तुम्ही मला चांगला माणूस समजाल. मलाही उद्दिष्ट होतं. दिवसाला साठ काचा, प्रत्येकीवर शंभर जागा पाहायच्या. डोळे फुटायची वेळ यायची. आसणेवाडीचा पुडा आला की मला बरं वाटायला लागलं. सगळं रक्त एकच, मग दोन काचा पाहायच्या आणि तिसांसमोर 'निगेटिव्ह' लिहून मोकळं व्हायचं. अर्ध्या दिवसाचं काम दहा मिनिटांत. हंबीरराव चोर होता आणि मी त्याच्या चोरीवर चहाची सुट्टी घेत होतो. असं दोन वर्षं चाललं. माणूस कोण हे मी कधी विचारलं नाही.

ती चिमणाबाई होती. हे सगळं मला पुढे कळलं, पण इथेच सांगतो. आसणे फाट्यावर तिचं चहाचं खोपट होतं. नवरा मेलेला, मूलबाळ नाही, सोबतीला धाकटी जाऊ धोंडुबाई. दोघी मिळून चहा विकायच्या आणि डेअरीची गाडी येईपर्यंत वरच्या गावांतून आलेले दुधाचे कॅन राखायच्या. खोपट आसणेवाडीच्या हद्दीत नव्हतं आणि शेजारच्या गावाच्याही नव्हतं. त्याला घर नंबर नव्हता, भिंतीवर आमची चौकट नव्हती, कुठल्याच रजिस्टरात या दोघींची नावं नव्हती. हंबीरराव एसटीतून उतरायचा, बाकड्यावर बसायचा, चहा मागवायचा आणि तिथेच चिमणाबाईचा हात मांडीवर घेऊन तीस काचा भरायचा. गावाकडे महिन्यातून एकदा जायचा आणि भिंतींवर पुढच्यामागच्या सगळ्या तारखा एकदम घालून यायचा. गोळ्यांचा हिशेब जुळावा म्हणून सगळ्या गोळ्या येतानाच भोगावतीच्या पुलावरून एसटीच्या खिडकीतून फेकायचा. स्वतःचं बोट टोचून घ्यायची त्याची छाती नव्हती, हे वेगळं सांगायला नको.

आणि ती बाई हात का द्यायची? तो तिला आक्का म्हणायचा, म्हणून. आणि तिला वाटायचं की सरकार तिची काळजी घेतंय.

पंचाहत्तरच्या दिवाळीनंतरची गोष्ट. आसणेवाडीचा पुडा आला. मी नेहमीप्रमाणे पहिली काच लावली आणि पाहतो तर तांबड्या पेशींत बारीक बारीक अंगठ्या. हिवताप, तोही वाईट जातीचा, डोक्यात जाणारा. दुसरी काच लावली, तेच. मग मात्र तीसही पाहाव्या लागल्या, कारण रोगाची काच पुण्याला फेरतपासणीला जाते आणि तिथे थापा चालत नाहीत. तीसच्या तीस काचांवर रोग. लालसर दाण्यांच्या पेशी होत्याच सोबत. दोन वर्षं ओळखीचं झालेलं रक्त आजारी पडलं होतं.

मागच्या खेपेलाही रोग असेल का, हा विचार माझ्या मनात आला. मागच्या खेपेच्या मी दोनच काचा पाहिल्या होत्या, त्याही घाईत. आता पाहायला त्या उरल्या नव्हत्या. धुऊन पुन्हा वापरायला गेल्या होत्या.

संध्याकाळी हंबीरराव टपाल द्यायला आला तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, "भोपळे, हे एकाच माणसाचं रक्त आहे. आणि त्या माणसाला हिवताप आहे."

त्याचा चेहरा क्षणभर उतरला. मग नेहमीसारखा हसला. "अवो शमशुभाई, रगात ते रगातच की! तुमी सोताच दोन वरसं निगेटिव लिवलंय न्हवं? मग आता कशाला उकरतायसा?"

मला तोंड वर करायला जागा नव्हती. तरी विचारलं, "माणूस कोण?"

"हाय एक चिमणाबाई, फाट्यावर."

"तिला गोळ्या दिल्यास?"

"दिल्या की!" तो म्हणाला. "आपल्या आक्काला न्हाय दिल्या तर कुणाला दीन?"

मी विश्वास ठेवला. खरं म्हणजे विश्वास ठेवणं सोयीचं होतं, म्हणून ठेवला.

तिकडे साहेबांच्या अंगात आलं. एका वाडीत तीस रुग्ण! तीस काचा, तीस रुग्ण, शंभर टक्के! दुसरा कुणी असता तर म्हणाला असता की घोडं कुठेतरी पेंड खातंय. साहेब म्हणाले, "याला म्हणतात अचूक निवड. नेमके आजारी लोकच यांनी शोधले." त्यांनी वर अहवाल पाठवला, जीप मागवली, फवारणीची टोळी मागवली आणि गोळ्यांची पेटी स्वतःच्या ताब्यात घेतली. यादीतल्या तीसही माणसांना साहेबांच्या समक्ष गोळ्या गिळायला लावल्या, पाच दिवस, रोज अंगठा घेऊन. आसणेवाडीची माणसं बिचारी धडधाकट. भात कापणी सोडून रांगेत उभी राहिली, कडू गोळ्या गिळल्या, ओकली, पुन्हा गिळल्या. एक म्हातारा म्हणाला म्हणे, "सायेब, मला काय बी झाल्यालं न्हाय." साहेबांनी त्याला यादीतलं नाव दाखवलं. लिहिता वाचता न येणारा तो माणूस गप्प बसला, आणि लिहिता वाचता येणारे सगळे आधीपासूनच गप्प होते.

पंधरा दिवसांनी टोळीने त्या तिसांचं पुन्हा रक्त घेतलं. या काचा हंबीररावाच्या हातच्या नव्हत्या. मी लावल्या आणि दोन वर्षांत पहिल्यांदा आसणेवाडीचं खरं रक्त पाहिलं. तीस माणसांचं तीस तऱ्हेचं. कुणाचं दाट, कुणाचं पातळ, कुणा पोराचं नुसतं पाणी. सगळं स्वच्छ. रोग नव्हताच तर दिसणार कुठून? साहेबांनी मात्र पेढे वाटले. तीसपैकी तीस बरे झाले होते.

पेढा माझ्या हातातच राहिला. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ते लालसर दाण्यांचं रक्त बरं झालेलं मी अजून पाहिलं नव्हतं. हंबीररावाने गोळ्या दिल्या असत्या तर पुढच्या पुड्यात ते दिसलं असतं, आणि टोळी गावात असल्यामुळे त्याचा पुडाच आला नव्हता. दिल्या की, असं तो म्हणाला होता. त्याने कॉलऱ्याची लस टोचून घेतल्याचंही कागदावर होतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. साठ्यातून एका माणसाचा पुरा डोस सही करून घेतला, खिशात घातला आणि राधानगरीची पहिली एसटी धरली.

फाट्यावर उतरलो तेव्हा दुधाचे कॅन ओळीने लागलेले होते. खोपटात एक बारीकशी बाई चूल फुंकत होती. म्हणाली, "या पावणं, च्या टाकू?"

मी विचारलं, "चिमणाबाई आपणच का?"

तिने फुंकणी खाली ठेवली. "न्हाय वो. म्या तिची जाऊ, धोंडुबाई. ती गेली की. आज दहावा दिस."

मी बाकड्यावर बसलो. मी कुठून आलोय ते सांगितलं नाही. ओळखीचा होतो, एवढंच म्हणालो. ते खोटं नव्हतं. ती चहा गाळता गाळता सांगत राहिली, मी न विचारता. तिला कुणालातरी सांगायचंच होतं.

चिमणाबाईला दिवाळीच्या आधीपासून थंडी वाजून ताप येत होता. हंबीरराव आला तेव्हा तिने गोळ्या मागितल्या. तो म्हणाला, बॅग रिकामी हाय आक्का, पुढच्या खेपेला देतो. बॅग रिकामी असणारच, येताना पूल लागतो ना. आजारी बाईचं बोट टोचून त्याने तीस काचा भरल्या आणि परतीची एसटी पकडली. पुढच्या खेपेला जीप आली. जीप फाट्यावर थांबायच्या आधी हंबीरराव उडी मारून खोपटात शिरला आणि चिमणाबाईला म्हणाला, आत पडून ऱ्हा, भाईर येऊ नगंस. सायबांनी तुजी बोटं बघितली तर म्हनतील ह्या बाईला वंगाळ रोग हाय, आन कुठंतरी न्हेऊन डांबतील.

"बोटं कशी झाली होती?" मी विचारलं.

"चाळणी वो! दाही बोटं काळीठिक्कर. भाकरी थापाया याची न्हाय शेवटाला."

म्हणजे ती बोटं साहेबांना दिसली असती तर हंबीररावाची हिरवी टाचणी गेली असती. तेवढ्यासाठी तिला गोणपाटाच्या पडद्याआड झोपवलं. साहेबांनी याच बाकड्यावर बसून चहा घेतला, चहा चांगला आहे म्हणाले. गोळ्यांची पेटी जीपमध्ये, पडद्यापासून दहा हातांवर. चिमणाबाई आत दात वाजू नयेत म्हणून पदर चावत पडली होती. पाचही दिवस जीप आली आणि पाचही दिवस ती तशीच पडून होती. सहाव्या दिवशी ती बरळायला लागली. आठव्या दिवशी गेली.

"दवाखान्यात नाही का न्यायचं?" मी म्हणालो. मला असं म्हणायचा काय अधिकार होता?

"म्या काय कमी म्हनलं?" धोंडुबाई एकदम भडकली. "डेअरीच्या गाडीत घालून न्हेतो म्हनत हुतं ते डायवर. हिनंच आयकलं न्हाय. म्हनायची, माजं रगात दर पंधरा दिसाला कोल्हापूरला तपासाया जातंय. येक न्हवं, तीस तीस काचा! तिथं मोठं भिंग लावून बघनारा मानूस बसलाय. मला काय झालं असतं तर त्यानं कळवलं नसतं व्हय?"

चहा प्यालो. काय करणार, पुढ्यात ठेवला होता. पैसे देताना तिचा हात समोर आला. डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटावर ताजे टोचे होते, पाच-सहा. मी पाहतोय हे बघून ती म्हणाली, "परवा भोपळे सायेब आल्तं. लई हळहळलं बिचारं. म्हनालं, आक्का गेल्या, आता तुमचं रगात बघत जाईन म्हंजे काळजी न्हाय."

मी तिला तिथेच सगळं सांगायला हवं होतं. भिंग लावून बघणारा माणूस तिच्यासमोर उभा आहे, हे ऐकल्यावर तिने फुंकणी माझ्या डोक्यात घातली असती, आणि ते योग्यच झालं असतं. मी एसटीत बसलो. कोल्हापुरात उतरून खिशातल्या गोळ्या साठ्यात परत केल्या. साठा बरोबर जुळला.

सव्वीस जानेवारीला सत्कार झाला. हंबीररावाला फेटा कुणी बांधला ठाऊक नाही, पण शोभत होता हे मान्य करायला हवं. साहेबांना पुढच्या वर्षी बढती मिळाली. भाषणात ते म्हणाले की उद्दिष्ट समोर असलं की सामान्य माणूसही असामान्य काम करतो. हंबीररावाने डोळे पुसले. त्याला खरंच रडू आलं होतं. त्याला हे सगळं खरं वाटायला लागलं होतं, आणि या माणसाच्या सगळ्या करणीत मला सगळ्यात जास्त किळस याचीच येते. फोटोवाला म्हणाला, टाळ्या वाजवा. मी वाजवल्या. डोळे मिटले, तेवढंच मला जमलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर आसणेवाडीचा पुडा होता. तीस काचा. पहिली लावली. रक्त आता धोंडुबाईचं होतं, पातळ, पण स्वच्छ. दुसरीही तशीच. दोन वर्षांची सवय हाताला होती, पण त्या दिवशी मी तीसही काचा पाहिल्या, प्रत्येकीवर शंभर जागा. त्याला दुपार झाली. मग रजिस्टर उघडून हंबीररावाच्या यादीवरून तीस नावं उतरवली आणि तिसांसमोर 'निगेटिव्ह' लिहिलं. धोंडुबाईचं नाव त्यांत नव्हतं.